घटका कोणी मोजायची, टोला कोणी ऐकायचा?

१/
#इतिहास #थ्रेड
‘तास’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण तास म्हणजे मुळात काशाची ती जाड थाळी, जिच्यावर टोला मारून वेळ जाहीर केली जाई. मराठीने काळाला नाव दिले ते काळाची वर्दी देणाऱ्या वस्तूचे! आज संगणकाच्या जगात जिला ‘नोटिफिकेशन’ म्हणतात, ती हीच वर्दी. अखंड पहारा देणाऱ्याने, आपल्या कामात गुंतलेल्या दुसऱ्याला, घडलेली गोष्ट कळवायची कशी? या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/
प्रथम घटिकापात्र. पाण्याच्या मोठ्या भांड्यात तळाला सूक्ष्म छिद्र असलेली वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटकांची अहोरात्र. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीही घटिकापात्र मांडले जाई. ‘घटका भरली’ या वाक्प्रचारात तीच बुडणारी वाटी आहे.

३/
यातली श्रमविभागणी लक्षात घ्या. पात्रापाशी बसलेल्याला नजर हटवता येत नाही. वाटी बुडताच ती रिकामी करून पुन्हा सोडावी लागते. क्षणाचा उशीर झाला, तर तो पुढच्या प्रत्येक घटकेत साचत जातो. शहराला मात्र पाण्याकडे पाहण्याची गरज नाही. टोला पडेपर्यंत विणकर विणतो, सोनार घडवतो. एकाच्या बांधिलकीवर हजारोंची मोकळीक उभी असते.

४/
पण नुसता टोला पुरेसा असतो का? सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घडियालींची पद्धत तपशिलाने नोंदवली आहे. त्याला एक उणीव जाणवली. रात्री घटकांचे टोले पडत, परंतु झोपेतून जागा झालेल्याला ते कितव्या प्रहरातले हे उमगत नसे. म्हणून त्याने आज्ञा केली की, रात्री आणि ढगाळ दिवशी घटकांच्या टोल्यांनंतर थोडे थांबून प्रहराचीही खूण वाजवावी. तत्त्व स्पष्ट आहे: वर्दी छोटी असावी, पण ज्याने आधीचे काही ऐकले नाही त्यालाही ती कळावी.

५/
आता विसाव्या शतकात येऊ. आरंभीच्या संगणकांत मुख्य प्रोग्रॅमच उपकरणाला पुन्हा पुन्हा विचारी: झाले का? झाले का? जणू विणकराने माग सोडून दर क्षणाला वाटी पाहून यावे. यावर उपाय निघाला ‘इंटरप्ट’चा. उपकरणानेच टोला द्यायचा. मग संगणक हातचे काम ठेवून त्याच्याकडे वळेल. १९५४ मधील ‘डिसिॲक’ हा अमेरिकी संगणक या सोयीच्या आद्य उदाहरणांत गणला जातो.

६/
सोयीबरोबर भयही आले. टोला कोणत्या क्षणी पडेल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून तपासता येत नाही. ‘एक्स-१’ या डच संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिताना एड्सखर डाइक्स्ट्रा या तरुणाला नेमकी हीच धास्ती होती. १९५९ मधील त्याचा पीएच.डी. प्रबंध याच कामावर आहे.

७/
पुढे साठच्या दशकात त्याने ‘सेमाफोर’ची कल्पना मांडली. शब्द रेल्वेच्या हात-सिग्नलचा, कल्पना मोजणीची. वर्दी देणारा एक आकडा वाढवतो आणि न थांबता निघून जातो. वर्दी घेणारा तो आकडा कमी करतो, शून्य असेल तर झोपून वाट पाहतो. काशाच्या थाळीचा नाद हवेत विरतो. झोपलेल्याला तो कायमचा हुकतो. सेमाफोरमध्ये मात्र न ऐकलेला टोलाही हिशेबात राहतो.

८/
वर्द्यांचा पूर आला तर? २० जुलै १९६९. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने ‘१२०२’ हा इशारा दिला. एका रडारच्या अनावश्यक संकेतांनी त्याचा वेळ खाल्ला जात होता आणि कामे तुंबली होती. मात्र रचनाच अशी होती की, तो दुय्यम कामे टाकून देई आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवी. दोन माणसांचे प्राण त्या अग्रक्रमावर अवलंबून होते.

९/
१९९७ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी ‘आरटी-लिनक्स’ घडवले. त्यात वेळेची काटेकोर कामे एक छोटा गाभा पाहतो आणि संपूर्ण लिनक्स त्याच्या हाताखाली, सर्वांत खालच्या अग्रक्रमाने चालते. उपकरण सांभाळणारा ड्रायव्हर वरच्या बाजूला, आपला नेहमीचा प्रोग्रॅम खालच्या बाजूला. दोघांमध्ये एक रांग: ड्रायव्हर वर्दी रांगेत टाकतो, प्रोग्रॅम सवडीने उचलतो. रांग भरली, तरी ड्रायव्हर ताटकळत नाही. त्याला नकार मिळतो आणि तो पुढच्या कामाला लागतो. प्रोग्रॅम कितीही आळशी असो, घटका चुकता कामा नये.

१०/
पाच शतकांपूर्वीचा घडियाली असो वा आजचा ड्रायव्हर, नियम तेच दिसतात. पहारेकऱ्याने ऐकणाऱ्यासाठी थांबू नये. वर्दी थोडकी, पण पुरेशी असावी. आणि काय टाकून द्यायचे, हे संकट येण्यापूर्वीच ठरलेले असावे. रुग्णाच्या उशाशी असलेले मॉनिटर याच नियमांवर विसंबून असते.

११/
आम्हा औरंगपुऱ्यात राहणाऱ्यांना शहागंजातील निजामकालीन घड्याळाचा मनोरा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्याकडे पाहताना आपण राजवटीचा विचार करतो. वेळ राखणाऱ्या हातांचा क्वचितच. त्यांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत, कारण त्यांचे काम चोख झाले की कोणाच्या लक्षातच येत नसे.

तुमच्या घरी किंवा गावातल्या देवळात जुने घटिकापात्र वा तास जपून ठेवला असेल, तर त्याचे छायाचित्र आणि माहिती खाली अवश्य द्या.