अंजनेरी

महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील एक लहान गाव व त्याच नावाचा डोंगरी किल्ला. हे त्र्यंबकेश्वर तालुक्यात, नाशिकच्या पश्चिमेस सु. २० किमी. अंतरावर नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गालगत वसले आहे. त्र्यंबकेश्वर येथून सु. ७ किमी. आहे. अंजनीमातेचे तपःस्थान व हनुमानाचे जन्मस्थान म्हणून या डोंगराची ख्याती असून गावाचे नावही या आख्यायिकेशी जोडले जाते. तथापि येथे सापडलेल्या ताम्रपटांतून व शिलालेखातून दिसणारा इतिहास वेगळ्या स्वरूपाचा आहे. तो मुख्यतः व्यापारी, त्यांची दुकाने आणि त्यांच्या आधाराने चाललेली देवस्थाने यांचा इतिहास होय.

भूवर्णन : सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे फुटणाऱ्या त्र्यंबक डोंगररांगेत अंजनेरीचा डोंगर येतो. त्याची समुद्रसपाटीपासून उंची सु. १,३०० मी. आहे. गोदावरीचे उगमस्थान असलेला ब्रह्मगिरी याच्या पश्चिमेस आहे. डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचा असून त्याचे कडे जवळजवळ उभे आहेत. वर विस्तीर्ण पठार, त्यावर तलाव व अंजनीमातेचे मंदिर असून त्याहून वरच्या माथ्यावर दुसरे मंदिर आहे. शेजारच्या सुळक्यांना लोक ‘नवरा-नवरी’ म्हणतात. पावसाचे मान नाशिक शहरापेक्षा पुष्कळच अधिक असल्याने पायथ्याशी भात आणि डोंगरउतारावर नागली व वरई ही पिके घेतात. परिसरात महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींची वस्ती आहे.

कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. कंदीलपुष्प वर्गातील एक दुर्मिळ वनस्पती (सेरोपेजिया अंजनेरिका) येथे आढळली व एकविसाव्या शतकात नवी जाती म्हणून नोंदली गेली. तिच्या शास्त्रीय नावात गावाचे नाव आले आहे. हा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला.

ताम्रपट : अंजनेरीच्या इतिहासाचे सर्वांत जुने लिखित साधन म्हणजे येथे सापडलेले भोगशक्ती या राजाचे ताम्रपट. त्यांचे संपादन वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांतील कलचुरी संवत ४६१ हा काल सु. इ. स. ७१० शी जुळतो. भोगशक्तीचे घराणे स्वतःस हरिश्चंद्राचे वंशज म्हणवीत असे. बादामीच्या चालुक्य राजा पहिला विक्रमादित्य याच्या कृपेने या घराण्यातील स्वामिचंद्र यास चौदा हजार गावांच्या पुरी-कोंकणाचे आधिपत्य मिळाले. त्याचा पुत्र सिंहवर्मा व सिंहवर्म्याचा पुत्र भोगशक्ती. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस सत्ता असलेल्या या घराण्याचे लेख घाटमाथ्याजवळच्या अंजनेरीस मिळावेत, हे स्वाभाविक आहे.

ताम्रपटांत जयपूर येथील भोगेश्वर-नारायणाच्या देवालयास दिलेल्या गावांची नोंद असून देवाच्या यात्रेची व्यवस्था तेथील व्यापाऱ्यांवर सोपविली आहे. त्याहूनही महत्त्वाचा मजकूर समगिरिपत्तन या उद्ध्वस्त झालेल्या नगराच्या पुनर्वसनाविषयीचा आहे. नगर पुन्हा वसावे म्हणून राजाने व्यापाऱ्यांस जकात माफ केली, निपुत्रिकाची मालमत्ता सरकारजमा करण्याचा हक्क सोडला आणि राजपुरुषांच्या मुक्कामाचा भार त्यांच्यावर पडणार नाही, असे वचन दिले. कुमारिकेवरील अत्याचारास १०८ रूपके, डोक्यास इजा करण्यास ४ रूपके असे दंडही ठरवून दिले. विशेष म्हणजे अशा प्रकरणी नगरातील आठ किंवा सोळा वृद्धजन विचार करून जे सांगतील ते प्रमाण मानावे, अशी तरतूद केली. नगराचा न्याय नगराच्याच हाती ठेवणारा हा लेख प्राचीन महाराष्ट्रातील नागरी जीवनाच्या अभ्यासास अतिशय मोलाचा ठरतो.

याच ताम्रपटांत कृष्णराज-रूपकांचा उल्लेख आहे. कलचुरी राजा कृष्णराज (सु. ५५०–७५) याची ही लहान चांदीची नाणी. त्यांच्या एका बाजूस राजाचे मुख व दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी असतो. नाशिक जिल्ह्यातील देवळाणे येथे त्यांचा साठा मिळाला आहे. राजा जाऊन व त्याची सत्ता लयास जाऊनही सु. दीड शतकानंतर त्याच्या नावाचे नाणे व्यवहारात होते, ही गोष्ट अंजनेरीच्या लेखामुळे समजते.

यादवकाल : सेऊणदेव या यादव राजाच्या कारकीर्दीतील शक १०६३ (इ. स. ११४१-४२) चा संस्कृत शिलालेख येथील एका जैन मंदिरात आहे. तो भगवानलाल इंद्रजी यांनी प्रकाशित केला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. देवाच्या पूजेचा खर्च दुकानांच्या उत्पन्नातून भागावा, याचा अर्थ येथे त्या काळी नांदती बाजारपेठ होती.

गावालगत सोळा मंदिरांचा समूह असून त्यांपैकी बारा जैन व चार हिंदू आहेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने तो संरक्षित केला आहे. यांतील बरीच मंदिरे भग्न असली, तरी खांब, द्वारशाखा व छतांवरील कोरीवकाम आजही लक्ष वेधून घेते. लोक त्यांस हेमाडपंती म्हणतात. मात्र हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर येथील शिलालेख त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्यामुळे ती संज्ञा केवळ रूढ अर्थानेच घ्यावी लागते. गडाच्या वाटेवर पार्श्वनाथाची मूर्ती असलेले एक लहान जैन लेणेही आहे.

उत्तरकाल : अठराव्या शतकात नाशिकजवळच्या आनंदवल्ली येथे राहणाऱ्या रघुनाथराव पेशव्यांना अंजनेरीची हवा विशेष मानवे, गडावर त्यांचे उन्हाळी निवासस्थान होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यांच्या अमदानीत नाशिकचे यूरोपीय रहिवासी व मिशनरी उन्हाळ्यात येथे येऊन राहत.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नाणकशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था व तिचे संग्रहालय येथे उभे राहिले. नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे आद्य संचालक होत. ज्या जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि ज्या गावच्या ताम्रपटात कृष्णराज-रूपकांची नोंद आहे, तेथे अशी संस्था निघणे उचितच होते.

सद्यःस्थिती : हनुमान जयंतीस डोंगरावर मोठी गर्दी होते. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरास निघालेल्या दिंड्या याच मार्गाने जातात. हंपीजवळील अंजनाद्री व तिरुमला येथेही हनुमानजन्माची परंपरा सांगितली जात असल्याने २०२२ मध्ये या प्रश्नावर नाशिक येथे वाद झडला. आख्यायिकेचा निवाडा शिलालेखांनी होत नाही व तसा तो करण्याचे कारणही नाही. परंतु डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोडे पायथ्याच्या भग्न मंदिरांकडे वळतात. एका उद्ध्वस्त नगराचे पुनर्वसन कसे करावे, याचा आठव्या शतकातील दाखला या गावाने जतन करून ठेवला. त्याच गावातील मंदिरांचे विखुरलेले दगड योग्य नोंदीसह सांभाळले गेले नाहीत, तर एका मोठ्या बाजारपेठेची उरलेली खूणही नाहीशी होईल.