आधी मुखवटा, मग तलवार

शालेय क्रीडास्पर्धांत तलवारबाजी आली आणि खेळशिक्षकांपुढे पालकांचा एक प्रश्नही आला : "आधी काय घ्यायचं?" मुलांचे उत्तर ठरलेले असते, तलवार! या खेळाचा इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो.

अठराव्या शतकात युरोपात फॉईलचा सराव बराच काळ उघड्या चेहऱ्यानेच चाले. पात्याच्या टोकाला बोंड असे, तरी डोळा जाण्याची भीती होतीच. म्हणून वार छातीवरच करायचा, आणि समोरच्याचा हल्ला आला की आधी तो अडवून मगच उलट वार करायचा, असे संकेत पाळले जात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ला बोएसिएर या फ्रेंच तलवारगुरूने तारेच्या जाळीचा मुखवटा आणला, असे मानतात. चेहरा झाकला गेल्यावर खेळ वेगवान झाला. पण जाळी किती मजबूत असावी, हा प्रश्न पुढे फार महागात पडला.

जुलै १९८२. रोम येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. सोव्हिएत संघाचे व्लादिमिर स्मिर्नोव आणि पश्चिम जर्मनीचे मथियास बेर समोरासमोर होते. स्मिर्नोव १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेते. बेर यांचे पाते मोडले, मोडका तुकडा मुखवट्याची जाळी भेदून डोळ्यावाटे मेंदूत शिरला. आठवडाभराने स्मिर्नोव गेले. वय अवघे २८. बेर यांनी नियमबाह्य काहीच केले नव्हते.

असे कसे झाले? आपण वर्गात शिकवतो, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. अखंड पात्याचे टोक बोथट असते, शिवाय पाते वाकते, त्यामुळे आघात सौम्य होतो. मोडलेला तुकडा आखूड, म्हणून ताठ, आणि त्याचे टोक अणकुचीदार. क्षेत्रफळ शंभरपटीने घटले, तर तेवढ्याच बलाने दाब शंभरपट होतो.

पाते पुनःपुन्हा वाकले की त्यात बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. या दुर्घटनेनंतर मोठ्या स्पर्धांतील फॉईलसाठी मॅरेजिंग पोलादाची पाती सक्तीची झाली. यात कार्बन अत्यल्प, निकेल सुमारे १८ टक्के. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे कवच याच जातीच्या पोलादाचे असते. हे पाते मोडले तर बोथट मोडते, अशी समजूत आहे. ती खरी नाही. त्यात चीर सावकाश वाढते, म्हणून ते जास्त टिकते, एवढेच. मोडण्याची शक्यता उरतेच, आणि म्हणूनच पोशाखाची भेदनक्षमता न्यूटनमध्ये मोजू लागले : आंतरराष्ट्रीय सामन्यांत ८००, मुखवट्याच्या गळपट्टीला १६००. नवशिक्यांच्या पोशाखावर बहुधा ३५० आढळते. साधारण ३६ किलो वजनाएवढे हे बल.

तेव्हा पहिला खर्च मुखवट्यावर. तो घट्ट बसावा. मान हलवली तरी हलू नये. मग जाकीट, आणि त्याच्या आत तलवारीच्या हाताच्या बाजूचे अर्धे जाकीट, प्लास्ट्रॉन. त्याला काखेत शिवण नसते, कारण शिवण म्हणजे कमजोर जागा. मुलींना छातीचे कवच हवेच. हातमोज्याची बाही कोपरापर्यंतच्या अर्ध्या हातावर चढली पाहिजे, नाहीतर समोरच्याचे पाते अस्तनीत शिरते. तलवार शेवटी आणि मुलाच्या उंचीप्रमाणे. मोठ्यांचे ९० सेंटिमीटरचे ५ नंबरचे पाते दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला झेपत नाही. भारताकडून ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली तलवारबाज, चेन्नईची भवानी देवी, हिने सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी केला होता!

जुने जाकीट धडधाकट असेल तर घ्यायला हरकत नाही. जुन्या मुखवट्याची मात्र परीक्षा घ्या. स्पर्धेत १२ किलोच्या दाबाच्या टोचणीने जाळी तपासतात. शाळेत ती टोचणी नसते, पण गंज आणि पोचा डोळ्यांना दिसतो आणि ढिली जाळी अंगठ्याने दाबली की कळते. असा मुखवटा कपाटात ठेवू नका, कोणीतरी तो पुन्हा घालेल. मोडूनच टाका.