पेट्रोल आटले तेव्हा

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण केले आणि स्वीडनचा पश्चिमेकडील सागरी व्यापार खुंटला. पेट्रोल दुर्मीळ झाले; अरण्ये मात्र विपुल होती. मोटारींवर भट्ट्या चढल्या. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या लाकडाचा वायू इंजिने चालवू लागला. त्यातील कार्बन मोनॉक्साइड विषारी होता. हा धोका पत्करूनच वाहतूक चालली.

जर्मनीपाशी तेल तुटपुंजे, कोळसा मुबलक. तेथे बर्गियस प्रक्रियेने कोळशापासूनच पेट्रोल बनवले गेले. उसाच्या ब्राझीलमध्ये पेट्रोलात अल्कोहोल मिसळले जात होते. हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि बसगाड्या लोणारी कोळशाच्या वायूवर धावल्या.

टंचाई एकच, उत्तर मात्र ज्या त्या भूमीने दिले. युद्धानंतर पेट्रोल परतले, भट्ट्या उतरल्या आणि परावलंबन पुन्हा सुरू झाले.