अंगठा आणि प्रत्यंचा

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर धाम नदीच्या कांठीं पवनार गांव लागतें. वाकाटकांचें प्रवरपुर तें हेंच, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. त्या वंशांतील दुसऱ्या प्रवरसेनानें महाराष्ट्री प्राकृतांत ‘सेतुबंध’ काव्य रचिलें. समुद्र वाट देईना तेव्हां राम धनुष्य सज्ज करून त्यावर बाण सोडतो, हा प्रसंग त्यांत आहे. धनुर्विद्या तेव्हां राजकुलाच्या शिक्षणाचा भाग होती. अग्निपुराणांतील धनुर्वेदाच्या अध्यायांत बाणाच्याही आधीं पायांचा विचार आहे. समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ हीं उभें राहण्याचीं स्थानें शिष्यानें साधावयाचीं.

ही झाली पोथींतील विद्या. दुसरी रानांत वाढली. आर्वीकडील डोंगर हे सातपुड्याचेच फांटे, आणि त्याच सातपुड्याच्या पश्चिम भागांत भिल्लांचा तिरकामठा नांदला. त्याचा कामठा बांबूचा, आणि दोरीदेखील बहुधा बांबूच्याच सालीची. मोठ्या सावजासाठीं लोखंडी फाळाचा बाण, पांखरांसाठीं बोथट गोळ्याचा. येथें आलीढ-प्रत्यालीढाचीं नांवें कोणी घेत नाहीं. पोर बापामागें रानांत हिंडतें आणि पाहून शिकतें.

मोगलांचें धनुष्य याहून निराळें. वर्धा जिल्ह्यांतच आष्टी येथें अकबर-जहांगीरांच्या पदरचा सरदार महंमदखान नियाझी याची कबर आहे. अशा सरदारांचीं धनुष्यें शिंग, स्नायू व सरस यांचीं असत. जोर मोठा, परंतु पावसाळी हवेंत सरस सैल पडे, म्हणून हिंदुस्थानांत पोलादी धनुष्येंही घडविलीं गेलीं. तें धनुष्य अंगठ्यानें ओढीत, व प्रत्यंचा रुतूं नये म्हणून अंगठ्यांत जाड कडें घालीत.

अंगठ्यानें ओढण्याची रीत ध्यानांत घेतली म्हणजे द्रोणाचार्यांनीं एकलव्याजवळ नेमका अंगठाच कां मागितला तें उमगतें. पुढें तो बोटांनीं ओढूं लागला, पण पूर्वीची त्वरा राहिली नाहीं, असें महाभारतच सांगतें. भिल्ल अंगठा न लावतां तर्जनी व मध्यमा यांनीं बाण सोडतात, तें एकलव्याच्या स्मरणार्थ, अशी समजूत आहे. आम्हांस ती सुंदर वाटते, परंतु इतिहास म्हणून स्वीकारवत नाहीं. इंग्लंडचे धनुर्धरही बोटांनींच ओढीत, आणि त्यांजवळ कोणत्याही गुरूनें दक्षिणा मागितली नव्हती!

रानांतल्या या शाळेवर घाला आला तो कायद्याचा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तरवारी-संगिनींच्या पंक्तीस धनुष्यबाणही बसविला. त्याच वर्षींच्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील शिकारीवर निर्बंध घातले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ती जवळजवळ संपविली. वर्धा जिल्ह्यांतील बोरचें रान १९७० पासून अभयारण्य आहे. वाघ जगावा हें आम्हांस मान्यच आहे. परंतु नेम ज्या शिकारींत शिकविला जात होता ती गेल्यावर तो शिकविण्याची दुसरी जागा रानांतल्या पोरांना कोणी दिली नाहीं.

२०२३ सालीं बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकीं १५० गुण मिळवून अजिंक्य ठरला. साताऱ्याची अदिती स्वामी हिनेंही तेथेंच महिलांचें अजिंक्यपद जिंकलें. दोघांचीं धनुष्यें कप्प्यांचीं, आणि लक्ष्य पन्नास मीटरांवर. त्यांत दोरी खटक्याच्या यंत्रानें सुटते. तिला अंगठा लागत नाहीं, बोटही लागत नाहीं.