न्यूरेंबर्गचे लेबकूखन : नाताळच्या एका भेटीचा इतिहास

दक्षिण जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर ज्या मऊ, किंचित चिवट आणि मसालेदार बिस्किटांसाठी ओळखले जाते, त्यांना लेबकूखन म्हणतात. नाताळपूर्वीच्या आठवड्यांत, म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळात, ती घरी भाजून आप्तेष्टांना देण्याची प्रथा जर्मनभाषक प्रदेशात आजही पाळली जाते. हा पदार्थ न्यूरेंबर्गमध्ये भरभराटीला आला, याचे कारण त्या शहराचे अरण्य आणि त्याचा व्यापार यांत आहे.

शहराभोवतीच्या राजवनात त्साइडलर, म्हणजे उंच झाडांच्या ढोलीत मधमाश्या राखून मध काढणारे वनोपजीवी, राहत असत. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५० मध्ये त्यांच्या हक्कांना सनद दिली आणि त्यांचे तंटे सोडवण्यासाठी फॉइख्ट येथे स्वतंत्र न्यायालयही होते. साखर दुर्मीळ व महाग असलेल्या त्या काळात मध असा हाताशी होता, तर मलबारचे मिरे, सुंठ व वेलदोडे आणि मोलुक्का बेटांतील लवंग व जायफळ व्हेनिसमार्गे न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचत होते. लेबकूखन भाजणाऱ्याचा शहरातील पहिला ज्ञात उल्लेख १३९५ चा आहे.

मध या पदार्थाला गोडीइतकेच आयुष्यही देतो. त्यातील फळशर्करा हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे भट्टीतून कडक निघालेले तपकिरी लेबकूखन बंद डब्यात, अनेकदा सफरचंदाच्या फोडीसोबत, ठेवले की काही दिवसांत मऊ पडते आणि पुढे कित्येक आठवडे तसेच राहते. सणाच्या बरेच आधी करून ठेवता येणारा आणि दूरच्या प्रवासातही न बिघडणारा हा जिन्नस भेटीसाठी योग्य ठरला, तो या गुणामुळेच. सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने १४८७ मध्ये शहरातील सुमारे ४००० मुलांना स्वतःचे चित्र असलेली छोटी लेबकूखन वाटली, असे परंपरेने सांगितले जाते.

१६४३ मध्ये लेबकूखन भाजणाऱ्यांना पाव भाजणाऱ्यांपासून वेगळी श्रेणी, म्हणजे धंद्याचे नियम ठरवणारा कारागिरांचा संघ, मिळाली. पुढे १९ व्या शतकात बीटची साखर स्वस्त झाली आणि चुलीला जोडलेली भट्टी सामान्य घरांत आली, तेव्हा श्रेणीबद्ध कारागिरांची ही कला गृहिणींच्या हातीही रुजली. लेबकूखनच्या प्रकारांपैकी एलिझेन या उत्तम प्रकारात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असावे लागते. इतके सैल मिश्रण पत्र्याला चिकटू नये म्हणून ते ओब्लाटे नावाच्या पातळ, बेचव पापुद्र्यावर थापतात.

युरोपीय संघाने १९९६ मध्ये न्यूरेंबर्गच्या लेबकूखनला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण दिले, त्यामुळे हे नाव त्या शहरातील उत्पादकांपुरते राखीव झाले. नावाचे रक्षण कायदा करू शकतो. परंतु आठवडे आधी पीठ मळून, मुरवून, भाजून ते दुसऱ्याच्या घरी पोहोचवण्याची रीत टिकली आहे ती प्रत्येक पिढीने नव्याने घेतलेल्या कष्टांवर, आणि या परंपरेचा खरा वारसा तोच मानावा लागतो.