सिनेमा जळाला, पोस्टर राहिलं

तेरखेडा म्हटलं की आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणालाही आधी फटाके आठवतात. फटाक्याच्या दारूत गंधक, कोळसा आणि सोरा असतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तापला की तो स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे गच्च आवळलेल्या सुतळीबॉम्बच्या आतही दारू पेटते. मूकपटांची फिल्म ज्या नायट्रोसेल्युलोजची असायची, त्याचाही ऑक्सिजन असाच पोटात. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते! आणि नाहीच पेटली तर काही दशकांत चिकट होऊन तिची भुकटी होते.

म्हणजे आपला सुरुवातीचा सगळा सिनेमा एका परीनं दारूगोळ्यावरच छापलेला होता. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले अगदी मोजके उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. उरलेल्यावरही संकट होतंच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळं गेली.

मग त्या सिनेमांचं आपल्याकडे राहिलं काय? बऱ्याच वेळा फक्त चित्र. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोल्हापूरचे बाबुराव पेंटर (१८९०-१९५४).

आडनाव मिस्त्री. चित्रकलेचं कॉलेज वगैरे काही नाही. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, इतके की लोकांनी आडनावच बदलून टाकलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पाहून दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले. पण बाबुरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा कोल्हापुरातच बनवला. ना मॅन्युअल, ना ड्रॉइंग. आपण एक लायब्ररी मिळाली नाही तर प्रोजेक्ट अडलाय म्हणून मेल टाकतो. असो.

'महाराष्ट्र फिल्म कंपनी'चा 'सैरंध्री' १९२० साली आला. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. ज्या माणसाचं पोट रंगवलेल्या पडद्यांवर चाललं, त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा काढून टाकला आणि खरी खोली असलेले सेट उभे केले. 'सिंहगड'मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. पोशाख, पात्रं, त्यांच्या हालचाली हे सगळं आधी कागदावर काढायचं आणि मग कॅमेरा फिरवायचा. आजच्या भाषेत स्टोरीबोर्ड. म्हणजे सिनेमा आधी चित्र होता. आणि तयार झाला की पुन्हा चित्र व्हायचा, कारण पोस्टरही बाबुराव स्वतःच रंगवायचे.

'कल्याणचा खजिना'चं (१९२४) पोस्टर हे आपल्याकडे टिकलेलं सर्वात जुनं चित्रमय सिनेमा-पोस्टर मानतात. १९२४ च्या प्रेक्षकाचा विचार करा. पडद्यावर लाल शालू पण राखाडी आणि हिरवा शालू पण राखाडी. त्या गोष्टीला रंग होता तो फक्त बाहेर, पोस्टरवर. मूकपटावरून चित्रं काढून गॅलरीत लावायची कल्पना आज नवी वाटेल, पण कोल्हापुरात हे काम तेव्हाच चालू होतं, फक्त तिकीटबारीशेजारी. त्याला जाहिरात म्हणायचे, म्हणून कोणी जपून ठेवलं नाही. रद्दीत गेलेल्या पोस्टरांचा हिशोब तर आगीतल्या रिळांइतकाही मांडता येत नाही.

दामले, फत्तेलाल (हेही चित्रकारच), शांताराम ही मंडळी १९२९ साली बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' काढली. १९३१ साली बोलपट आले. बाबुरावांना ते फारसे मानवले नाहीत. मूकपटानं कमावलेली बघण्याची सवय बोलण्यात वाया जाते असं त्यांना वाटे. १९३६ साली त्यांनी स्वतःचाच १९२५ चा 'सावकारी पाश' बोलका करून पाहिला, नंतर आणखी काही सिनेमे केले, पण मन राहिलं ते चित्रात आणि शिल्पात. मूक 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाही.