पुडीपासून सल्ल्यापर्यंत

परतूर तालुक्यातली आष्टी १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये भारतात फार्मसी कायदा झाला होता, पण तेव्हा तो इथे लागू नव्हता. औषध देणाऱ्याला शिक्षण आणि नोंदणी हवी, ही शिफारस औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या चोप्रा समितीने १९३१मध्येच केली होती.

कायदा येईपर्यंत अशा खेड्यापाड्यांत भिस्त कंपाउंडरवर. तो खलात औषध खलायचा, पुड्या बांधायचा, मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर रुग्णालाही ते कळे.

मग तयार गोळ्यांची पाकिटं आली. खल मागे पडला, औषध देणाऱ्याची जबाबदारी मात्र वाढली.

२०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं. तेव्हा गोळी कधी, किती दिवस घ्यायची, हे दुकानातच बिनदिक्कत विचारावं.